मोठ्यांच्या लशी आणि दारातल्या ताई

मधुमेह, दमा, हृदयविकार, मूत्रपिंडाचा विकार असे दीर्घकालीन आजार असलेल्या प्रौढांनी कोणत्या लशी घ्याव्यात आणि त्यासाठी घरोघरी येणाऱ्या आरोग्य सेविकांचे म्हणणे कितपत ऐकावे, याविषयी मुंबईतून आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रांना या वेळी उत्तरे दिली आहेत. पत्रे संक्षिप्त केली असून नावे छापलेली नाहीत. पहिले पत्र एका सेविकेचेच आहे. त्याचे उत्तर इतरांहून लांबले आहे, कारण पुढच्या बऱ्याच शंकांची मुळे त्या पत्रातच आहेत.

प्रश्न : मी पूर्व उपनगरातील एका वस्तीत आरोग्य सेविका आहे. तीस वर्षांवरील लोकांच्या रक्तदाबाची आणि साखरेची नोंद घेताना ज्यांना मधुमेह, दमा किंवा हृदयविकार आहे, त्यांना फ्लू आणि न्यूमोनियाच्या लशींची माहिती द्या, असे आम्हाला बैठकीत सांगण्यात आले. पोलिओच्या रविवारी नातवंडांना कडेवर घेऊन येणारी हीच माणसे स्वतःच्या लशीचा विषय निघाला की दार लोटून घेतात. ‘ताई, लस लहान मुलांना, मला आता साठीत कशाला?’, ‘कोरोनाची घेतली ना दोनदा, झालं की,’ किंवा ‘शेजारचे काका लस घेऊन चार महिन्यांत गेले,’ अशी उत्तरे मिळतात. कोणी तयार झालेच, तर विचारतात, ‘फुकट कुठे मिळेल?’ आणि तिथे माझे बोलणे खुंटते. मी काय सांगावे?
— एक आरोग्य सेविका, गोवंडी

उत्तर : ‘मला कशाला?’ हा प्रश्न खरा आहे, आणि त्याला अडाणीपणा समजून बोलायला सुरुवात केली तर दार लोटले जाणारच. आपल्याकडे लसीकरणाचा विस्तारित कार्यक्रम १९७८ साली सुरू झाला आणि १९८५ पासून त्याला सार्वत्रिक रूप आले. परंतु त्याची आखणी झाली ती बालकांसाठी आणि गर्भवतींसाठी. बाळाच्या लशीला कार्ड असते, तारीख असते, ठरलेला वार असतो, आणि तारीख चुकली तर आठवण करायला तुमच्यासारखी कोणी घरी येते. साठ वर्षांच्या मधुमेही माणसाच्या लशीला यांतले काहीही नसते. १ मार्च २०२१ पासून साठीवरील सर्वांना आणि ४५ ते ५९ या वयात ठरावीक आजार असलेल्यांना कोरोनाची लस देणे सुरू झाले, तेव्हा दीर्घकालीन आजार आणि लस यांचा संबंध सरकारी यंत्रणेने फार मोठ्या प्रमाणावर लोकांपुढे मांडला होता. साथ ओसरली आणि तो विषयही मागे पडला. आता तोच धागा पुन्हा जोडायचे काम तुमच्यावर आले आहे, तेही हातात ना कार्ड, ना तारीख.

म्हणून आधी कारण सांगावे, आणि ते ज्याच्या त्याच्या आजाराला लावून सांगावे. रक्तातील साखर दीर्घकाळ चढी राहिली की जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचे काम मंदावते. त्यात फ्लूचा ताप आला की साखर आणखी चढते, जेवण सुटते आणि गोळ्यांच्या वेळा कोलमडतात. फ्लूमुळे श्वसनमार्गाचे आतले अस्तर खराब झाले की न्यूमोकॉकस नावाच्या जिवाणूला फुप्फुसांत उतरणे सोपे जाते, आणि साध्या तापाने सुरू झालेले दुखणे न्यूमोनियावर जाते. दमेकऱ्याला वेगळे समजवावे लागत नाही, कारण सर्दी छातीत उतरली की पंप पुरत नाही हे त्याने भोगलेले असते. हृदयविकाराविषयी मात्र लोकांना, आणि मला वाटते पुष्कळ डॉक्टरांनाही, एक गोष्ट नवी वाटते. कॅनडातील ओंटारियो प्रांतातल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात फ्लूचे निदान झाल्यानंतरच्या पहिल्या सात दिवसांत हृदयविकाराच्या झटक्याचे प्रमाण एरवीच्या सुमारे सहापट आढळले होते. ज्याला एकदा स्टेंट बसली आहे त्याच्या दृष्टीने फ्लू हा चार दिवस पडून राहण्याचा ताप उरत नाही, आणि लशीचे कारणही तेच आहे. मुंबईत २०२१ साली झालेल्या पाहणीत १८ ते ६९ या वयोगटातील सुमारे १८ टक्के लोकांची उपाशीपोटीची साखर मधुमेहाच्या पातळीवर आढळली होती, हे लक्षात घेतले तर तुमच्या रजिस्टरातल्या प्रत्येक पानावर हे बोलणे ज्यांच्याशी करायचे अशी माणसे सापडतील.

बोलण्याची सुरुवात लशीपासून करू नका, असे माझे मत आहे. ‘गेल्या पावसाळ्यात खोकला किती दिवस होता? दवाखान्यात किती खर्च झाला? तेव्हा साखर किती गेली होती?’ असे विचारले की माणूस स्वतःच्या दुखण्याविषयी बोलू लागतो, आणि मग लशीचा मुद्दा तुमचा न राहता त्याच्या अनुभवातून निघतो. ‘कोरोनाची घेतली ना’ म्हणणाऱ्याला एवढेच सांगावे की ती लस कोरोनाच्याच विषाणूविरुद्ध होती. फ्लूचा विषाणू निराळा, आणि न्यूमोकॉकस तर विषाणूही नव्हे.

शेजारच्या काकांविषयी वाद घालू नका. ते कशाने गेले हे तुम्हाला माहीत नसते, आणि दुखवट्यातल्या घराच्या शेजारी उभे राहून आकडे सांगणाऱ्याचे कोणी ऐकत नाही. ‘ते कशाने गेले ते मला ठाऊक नाही, पण मी सांगते ती लस वेगळी आहे आणि तिने काय होते, काय होत नाही, ते सांगते,’ असे म्हणावे आणि जे खरे आहे तेच सांगावे. दंड दुखतो, एखाद-दोन दिवस कणकण येते, अंग मोडून येते. गंभीर अ‍ॅलर्जी अतिशय विरळ असते आणि ती बहुधा काही मिनिटांतच दिसते, म्हणून लस दिल्यावर अर्धा तास बसवून ठेवतात. फ्लूच्या टोचायच्या लशीत जिवंत विषाणू नसतो, त्यामुळे तिने फ्लू होऊ शकत नाही. ‘काहीही होणार नाही’ हे वाक्य मात्र कधीही उच्चारू नये. दुसऱ्या दिवशी दंड दुखला की ते खोटे ठरते आणि त्याबरोबर तुमची बाकीची खरी वाक्येही खोटी ठरतात. लस घेतलेल्याच्या घरी दुसऱ्या दिवशी न चुकता जाऊन यावे. वस्तीत एखाद्याला ताप आला तर ती बातमी तुमच्याआधी पुढच्या दहा घरांत पोहोचते, आणि ताई विचारायला आली होती ही बातमीही तितक्याच वेगाने पोहोचते.

तरीही बहुतेकांच्या लेखी शेवटचा शब्द डॉक्टरचा असतो. वर्षानुवर्षे साखरेच्या गोळ्या लिहून देणारा गल्लीतला डॉक्टर लशीविषयी अवाक्षर काढत नसेल, तर ‘डॉक्टर तर काही बोलले नाहीत’ या वाक्यापुढे तुमची अर्ध्या तासाची समजूत टिकत नाही. निरनिराळ्या देशांतील अभ्यासांतही प्रौढांनी लस घेण्यामागचे एक प्रमुख कारण म्हणून डॉक्टरची शिफारसच पुढे येते. त्यामुळे आपल्या दवाखान्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना अशी विनंती करावी की मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या रुग्णाच्या केसपेपरवर औषधांच्या खाली लशीचा सल्ला एका ओळीत लिहावा. क्षयरोगाच्या नोंदीसाठी खासगी डॉक्टरांशी संपर्क ठेवण्याची पद्धत महापालिकेच्या यंत्रणेला नवी नाही. त्याच भेटीत लशीचाही विषय निघाला, तर तुमचे निम्मे काम त्यांच्या खुर्चीवरून होईल.

राहिला पैशांचा प्रश्न, आणि तिथे तुमचे बोलणे खुंटते यात तुमचा दोष नाही. फ्लूच्या लशीला खासगी दवाखान्यात दीड-दोन हजार रुपयांच्या आसपास पडतात आणि ती दर वर्षी घ्यावी लागते. न्यूमोनियाची लस त्याहून बरीच महाग आहे, मात्र ती वर्षावर्षाला लागत नाही. घरकाम करून महिना काढणाऱ्या बाईला हे आकडे न सांगता नुसते ‘घेऊन टाका’ म्हणणे मला योग्य वाटत नाही. घरभेटीला निघण्याआधी तुमच्या दवाखान्यात आणि जवळच्या महापालिका रुग्णालयात कोणती लस त्या आठवड्यात शिल्लक आहे, कोणाला मिळते आणि कोणत्या वेळी मिळते हे विचारून घ्यावे आणि तेवढेच सांगावे; नसेल तर ‘सध्या नाही, आली की मी सांगायला येईन’ असे म्हणून नाव लिहून ठेवावे. फ्रीजमध्ये लस नसताना सेविकेला लशीचे उद्दिष्ट देणारी बैठक ही तिच्यावर अन्याय करणारी बैठक आहे, आणि ही गोष्ट बैठकीतच बोलायला हवी. कोणत्याही औषधविक्रेत्याची किंवा खासगी दवाखान्याची चिठ्ठी वाटू नका. एकदा वस्तीला असे वाटले की ताईला यात काही मिळते, तर पुढच्या वर्षी तुमच्या पोलिओच्या हाकेलाही दार उघडणार नाही.

प्रश्न : माझ्या आईचे वय ६८ असून तिला वीस वर्षांपासून मधुमेह आहे. तिने डिसेंबर महिन्यात फ्लूची लस घेतली, तरी पुढच्या ऑगस्टमध्ये ती ताप-खोकल्याने दहा दिवस आजारी होती. चाळीत येणाऱ्या सेविका पुन्हा लस घ्यायला सांगतात. आई म्हणते, ‘काही उपयोग नाही, आणि घ्यायचीच तर आधी साखर खाली येऊ दे.’ तिचे बरोबर आहे का?
— एक वाचक, लालबाग

उत्तर : आईंच्या पहिल्या म्हणण्यात थोडे तथ्य आहे, पण त्याचे कारण लशीपेक्षा महिन्यात आहे. थंड हवेच्या देशांत फ्लू हिवाळ्यात पसरतो, म्हणून तिथली माणसे ऑक्टोबरच्या सुमारास लस घेतात, आणि ते वाचून आपल्याकडेही काही जण तोच महिना धरतात. मुंबईत फ्लूचा मुख्य जोर पावसाळ्यात, साधारण जुलै ते सप्टेंबर या काळात असतो. हिवाळ्याच्या शेवटी एक लहान लाट येते. लशीचा परिणाम सुरू व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात आणि काही महिन्यांनी तो उतरू लागतो, त्यामुळे डिसेंबरमध्ये घेतलेली लस ऑगस्टपर्यंत बरीच ओसरलेली असते. मुंबईकराने ती एप्रिल-मेमध्ये, पहिल्या सरींच्या आधी घ्यावी. राहून गेली, तर जूनमध्ये घेतलेलीही वाया जात नाही. लालबागला गणपतीच्या दिवसांत जी गर्दी असते ती पाहता तुमच्याकडे तर हे आणखीच खरे आहे. फ्लूचे विषाणू रूप बदलत राहतात, म्हणून जागतिक आरोग्य संघटना लशीत कोणते प्रकार घ्यायचे हे वर्षातून दोनदा, उत्तर आणि दक्षिण गोलार्धांसाठी स्वतंत्रपणे, सुचवते. लस घेताना ती त्या वर्षाची सर्वांत ताजी आहे ना, एवढे डॉक्टरांना जरूर विचारावे.

उपयोग किती, याचेही सरळ उत्तर द्यायला हवे. लशीतले आणि साथीतले विषाणू चांगले जुळतात त्या वर्षी फ्लू होऊन डॉक्टरकडे जावे लागण्याचा धोका साधारण ४० ते ६० टक्क्यांनी कमी होतो. वय वाढले की हा आकडा खाली येतो. म्हणजे लस घेऊनही फ्लू होऊ शकतो. शिवाय पावसाळ्यातला प्रत्येक ताप-खोकला फ्लूचा नसतो. इतर अनेक विषाणूंमुळेही तो येतो आणि त्यांवर ही लस चालत नाही. तरीही ६८ वर्षांच्या मधुमेही व्यक्तीला ती घ्यायला सांगतात, ते रुग्णालयात दाखल होण्याची वेळ टळावी किंवा आलेले दुखणे हलके जावे यासाठी. सेविका हे सगळे दारात उभ्या राहून पाच मिनिटांत सांगू शकत नाहीत. म्हणून ‘लस घेतली की फ्लू होत नाही’ असे सोपे वाक्य पुढे जाते आणि मग आईंसारखा अनुभव आला की सगळीच लस निरुपयोगी वाटू लागते.

साखर खाली येण्याची वाट पाहू नका. मधुमेह पूर्ण आटोक्यात नसणे हे लस पुढे ढकलण्याचे कारण नाही, उलट ती लवकर घेण्याचे आहे. लस घेतल्यावर एक-दोन दिवस साखर किंचित वर जाऊ शकते, तेवढे तपासत राहावे. त्या दिवशी चांगलाच ताप असेल किंवा कोणते तीव्र दुखणे चालू असेल, तर मात्र बरे वाटेपर्यंत थांबावे.

याच वेळी डॉक्टरांना न्यूमोनियाच्या लशीविषयी विचारावे. नेदरलँड्समध्ये ६५ वर्षांवरील ८४ हजारांहून अधिक लोकांवर झालेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, लशीत समाविष्ट असलेल्या न्यूमोकॉकसच्या प्रकारांमुळे होणारा न्यूमोनिया लस घेतलेल्यांमध्ये सुमारे ४५ टक्क्यांनी कमी आढळला होता. २० प्रकारांविरुद्ध काम करणारी लस मिळाली तर एकच डोस पुरतो. १३ किंवा १५ प्रकारांची मिळाली तर साधारण वर्षभराने २३ प्रकारांची दुसरी लस घ्यावी लागते. ती आणि फ्लूची लस एकाच दिवशी दोन वेगळ्या दंडांवर घेता येतात. पन्नाशीनंतरच्यांसाठी नागिणीची लसही २०२३ पासून भारतात मिळते. ती दोन डोसांची आणि खर्चिक आहे, आणि पैशांचा विचार करावा लागत असेल तर मी ती पहिल्या दोन लशींच्या नंतर ठेवीन.

प्रश्न : आमच्या चाळीत सेविका गॅलरीत उभ्या राहून ‘तुम्हाला शुगर आहे का? टीबी झाला होता का?’ असे सगळ्यांसमोर विचारतात. घरात लग्नाची मुलगी आहे. मी खोटे सांगतो आणि दार लावतो. यात माझे काय चुकले?
— एक वाचक, वरळी

उत्तर : तुमची तक्रार रास्त आहे. आजार हा ज्याचा त्याचा खासगी विषय आहे, आणि सामायिक गॅलरीत, शेजारचे दार उघडे असताना तो विचारणे अयोग्यच आहे. नोंदीचा कागद भरून झाला याचा अर्थ त्यातली उत्तरे खरी आहेत असा होत नाही, हे तुमच्याच पत्रावरून दिसते. घरात येऊन, बसून, हळू आवाजात विचारणे एवढे तरी प्रत्येक सेविकेने करायला हवे. ती तसे का करत नाही, याचीही दुसरी बाजू आहे. बऱ्याच सेविका तुटपुंज्या मानधनावर काम करतात, दिवसाची घरे ठरलेली असतात, आणि दुपारी त्या येतात तेव्हा अनेक घरांत आत बोलावणारे कोणी नसते. हे मी समर्थन म्हणून सांगत नाही.

खोटे सांगण्यापेक्षा ‘इथे नको, मी दवाखान्यात येऊन सांगतो,’ असे म्हणावे. तुम्हाला तो अधिकार आहे, आणि बहुतेक सेविका ते मान्य करतात. महापालिकेच्या ‘आपला दवाखाना’ केंद्रांपैकी अनेक संध्याकाळीही चालू असतात, त्यामुळे कामावरून सुटल्यावर जाता येते. मधुमेह लपवल्याने तुमच्या मुलीच्या लग्नाचे काय होईल हे मी सांगू शकत नाही. पण पुढे एखादी लस ठरावीक आजार असलेल्यांसाठी आली, तर यादीत तुमचे नाव नसेल, एवढे नक्की.

प्रश्न : माझ्या पतींचे आठवड्यातून दोनदा डायलिसिस होते. केंद्रातील परिचारिकेने हिपॅटायटिस बीची लस दुप्पट मात्रेत चार वेळा घ्यायला सांगितली. माझ्या भाच्याला तीन साधे डोस दिले होते. ‘हे पैसे काढायचे धंदे,’ असे पती म्हणतात. आमच्या भागातील सेविकेला विचारले तर ती म्हणाली, मला यातले माहीत नाही.
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : परिचारिकेने सांगितले ते बरोबर आहे. डायलिसिसमध्ये रक्ताचा वारंवार संपर्क येतो आणि हिपॅटायटिस बी हा यकृताचा आजार रक्तातून पसरतो, त्यामुळे या रुग्णांना ही लस आवश्यक मानली जाते. मूत्रपिंडे निकामी झालेल्या शरीरात लशीला मिळणारा प्रतिसाद कमजोर असतो, म्हणून प्रौढांच्या नेहमीच्या २० मायक्रोग्रॅमऐवजी ४० मायक्रोग्रॅमची मात्रा देतात. भारतात वापरल्या जाणाऱ्या एका प्रचलित वेळापत्रकात ती आज, एका महिन्याने, दोन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी दिली जाते. तुमच्या भाच्याची मूत्रपिंडे निरोगी असणार, त्यामुळे त्याच्या डोसांशी ही तुलना करता येत नाही. पतींच्या लहानपणी ही लस बाळांच्या कार्यक्रमात नव्हतीच, तेव्हा ‘तेव्हा घेतली असेल’ असेही धरू नये.

पैसे वाया जाऊ नयेत असे वाटत असेल तर दोन गोष्टींचा आग्रह धरा. शेवटच्या डोसानंतर एक ते दोन महिन्यांनी प्रतिपिंडांची रक्ततपासणी करून घ्यावी; ती १० किंवा त्याहून अधिक आली तर लस लागू झाली. त्यानंतर ही तपासणी दर वर्षी करावी आणि पातळी १० च्या खाली गेली तर पुन्हा एक डोस घ्यावा. दुसरे असे की लस दंडावरच घ्यावी, कमरेवर नको. आणि ज्या हातात फिस्टुला (डायलिसिससाठी केलेली रक्तवाहिन्यांची जोडणी) आहे त्या हातावर कोणतीही सुई टोचू देऊ नये. फ्लू आणि न्यूमोनियाच्या लशी त्यांनाही लागू आहेत. ज्यांना मूत्रपिंडाचा विकार असल्याचे कळले आहे पण डायलिसिसची वेळ आलेली नाही, अशा वाचकांनी हिपॅटायटिस बीची लस आत्ताच घ्यावी, कारण तेव्हा ती अधिक चांगली लागू होते.

‘मला माहीत नाही’ असे म्हणणाऱ्या सेविकेविषयी तुमचे मत वाईट झाले असेल, तर ते कृपया बदला. अर्धवट माहितीवर सल्ला देण्यापेक्षा तिने केले ते उत्तम. त्यापुढे ‘दवाखान्यातल्या डॉक्टरांना विचारून सांगते’ एवढे तिने म्हटले असते तर काही उणे राहिले नसते.

प्रश्न : सेविका बीसीजीची, म्हणजे क्षयरोगावरची, लस मोठ्यांना द्यायची म्हणून संमतिपत्र घेऊन आल्या होत्या. माझ्या वडिलांना तीन वर्षांपूर्वी क्षयरोग झाला होता आणि त्यांना मधुमेहही आहे. सही केली नाही तर रेशन बंद होईल, अशी गल्लीत बोलवा आहे. बीसीजी तर बाळाला जन्मतः देतात ना?
— एक वाचक, धारावी

उत्तर : रेशनचा याच्याशी काहीही संबंध नाही. २०२४ मध्ये महाराष्ट्रात, आणि मुंबईच्या काही विभागांतही, प्रौढांसाठी बीसीजीची मोहीम हाती घेण्यात आली; ती ऐच्छिक आहे, म्हणूनच संमतिपत्र घेतले जाते. मागील पाच वर्षांत क्षयरोग होऊन गेलेले, मागील तीन वर्षांत क्षयरुग्णाच्या निकट सहवासात राहिलेले, मधुमेही, धूम्रपान करणारे, साठीवरील आणि फार कमी वजनाचे अशा लोकांसाठी ती आखलेली आहे, त्यामुळे तुमचे वडील एकाहून अधिक निकषांत बसतात. बाळाला दिलेल्या लशीचे संरक्षण प्रौढ वयापर्यंत टिकत नाही. मोठ्यांना पुन्हा दिल्याने क्षयरोग किती टळतो हे मोजणे हाच या मोहिमेचा एक हेतू आहे, आणि सही करण्याआधी हे तुम्हाला स्पष्ट सांगितले गेले पाहिजे. या लशीत जिवंत पण दुबळे केलेले जिवाणू असतात. म्हणून एचआयव्ही बाधितांनी, कर्करोगाचे उपचार घेणाऱ्यांनी, दीर्घकाळ स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी आणि सध्या क्षयरोगाचे उपचार चालू असलेल्यांनी ती घेऊ नये. लस टोचलेल्या जागी काही आठवड्यांनी फोड येऊन सुकतो आणि व्रण राहतो. त्याला काही लावू नये, दाबू नये. लस घेतली तरी दोन आठवड्यांहून अधिक खोकला राहिला तर थुंकीची तपासणी करायचीच.

बोलवा कशी पसरते याचा मुंबईला जुना अनुभव आहे. १८९६ साली मांडवीत प्लेग दिसला, त्यानंतर सक्तीच्या घरझडत्या आणि रुग्णांना घरातून उचलून नेणे यांमुळे शहर इतके बिथरले होते की रुग्णालयाच्या नावानेच लोक पळू लागले. त्याच शहरात भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात काम करणाऱ्या वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाने ओळखली जाते. तुमच्या गल्लीतल्या सेविकेने ही लस घेतली आहे का, असे तिला विचारायला काहीच हरकत नाही. निकषांत बसत नसल्यामुळे घेतली नसेल तर तेही ती सांगेल. रेशनची धमकी कोणी खरोखरच दिली असेल, तर आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे तक्रार करावी.

प्रश्न : हृदयाची झडप बदलल्यापासून मी रक्त पातळ करणारी वॉरफरिनची गोळी घेतो. सेविका फ्लूच्या लशीचा आग्रह करतात, पण इंजेक्शनने रक्त थांबणार नाही अशी भीती वाटते.
— एक वाचक, गिरगाव

उत्तर : लस घेता येते, आणि तुमच्या आजारात ती घ्यावीच. गोळी स्वतःहून बंद करू नका. झडपेत गुठळी होण्याचा धोका दंडातल्या रक्तस्रावाच्या धोक्याहून कितीतरी मोठा आहे. नुकतीच केलेली आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो हे पाहणारी, तपासणी तुमच्या ठरलेल्या मर्यादेत असावी, आणि लस देणाऱ्याला गोळीविषयी आधीच सांगावे म्हणजे ते बारीक सुई वापरतील. टोचल्यावर त्या जागी कापसाने किमान दोन मिनिटे घट्ट दाबून धरावे, चोळू नये. थोडे काळेनिळे झाले तर ते आपोआप जाते, पण दंड ताठ होऊन सूज वाढत गेली तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.